न धुतलेली पाटी

शाहिनेज़ने कागद टेबलावरून पुढे सरकवले तेव्हा मबारकाला आधी बरंच वाटलं. रंगीत छापलंय, म्हणजे वर्गात दाखवायला घेतलं असणार, असं तिच्या मनात आलं. लेख तिचाच होता. वर तिचं नाव, त्याखाली मार्गदर्शकांचं नाव, मग प्रस्तावना. आणि प्रस्तावनेच्या ओळींवरून लाल, नारिंगी, जांभळे पट्टे गेलेले. मधेच कुठे एखादी ओळ पांढरी राहिली होती. वरच्या कोपऱ्यात चौकटीत आकडा होता, त्रेचाळीस. शंभरात त्रेचाळीस, इंग्रजीत एवढे मला आजवर कुणी दिले नव्हते, असं काहीतरी ती गमतीने बोलणार होती. तेवढ्यात शाहिनेज़ने उठून खोलीचं दार लावून घेतलं. ओरान शहरातल्या या भाषाकेंद्रात त्या खोलीचं दार कुणी लावत नसे, कारण एकदा लागलं की उघडायला बाहेरून शिपायाला बोलवावं लागे. दार लागलेलं पाहिलं आणि मबारकाने तो विनोद गिळला.

“ताई, हे कुठून घेतलंत?” शाहिनेज़ने विचारलं. वर्गात ती नावाने हाक मारी. ताई म्हणाली म्हणजे प्रकरण साधं नव्हतं.

“कुठून म्हणजे? मी लिहिलंय.”

“नक्कल पकडणारं यंत्र म्हणतंय, हे वाक्य बारा वर्षांपूर्वी एका मासिकात छापून आलंय. हे दुसऱ्या मासिकात. आणि हा तर अख्खा परिच्छेद. एक स्वल्पविरामसुद्धा हललेला नाही.”

“उस्ताज़ा, लिहिताना माझ्या टेबलावर काही नव्हतं हो. कॉफीचा कप होता फक्त.” वयाने लहान असली तरी शिकवणारीला मबारका उस्ताज़ा, म्हणजे बाई, असंच म्हणे.

“मग काय कॉफीने लिहिलं?” शाहिनेज़ बोलून गेली आणि लगेच वरमली. “हे बघा, आकडा तिसाच्या वर गेला की फाईल शिस्त समितीकडे जाते. माझ्या हातात नाही. गुरुवारी दुपारपर्यंत एकतर नवी प्रस्तावना द्या, नाहीतर लेखी खुलासा द्या. खरं तर दोन्ही द्या. उचलेगिरी म्हणून शिक्का बसला तर नोंदणी रद्द होते. सहा वर्षं गेली असं समजायचं.”

मंगळवारची सकाळ होती. मबारकाने बोटांवर दिवस मोजले, ते दोनच भरले. मग शाहिनेज़ने फोन करून शिपायाला बोलावलं आणि तो येईपर्यंत दोघी बंद दाराकडे बघत बसल्या. मबारका सदतिसाची, शाहिनेज़ तिच्याहून आठ वर्षांनी लहान. एकीने आयुष्यभर पाण्याचा अभ्यास केला होता, आधी अरबीत आणि मग फ्रेंचमध्ये. दुसरी इंग्रजीत एम. ए. झालेली, आणि विद्यापीठाने इंग्रजीतच लिहायचा नवा नियम काढल्यापासून फ्रेंचमध्ये मुरलेल्या डॉक्टरेटच्या विद्यार्थ्यांना शोधलेखनाचं इंग्रजी शिकवणारी. शिकवायची चांगली. दुसऱ्याचं म्हणणं आपल्या शब्दांत कसं मांडायचं, हा धडा तिने तीन आठवडे घेतला होता आणि मबारका पहिल्या बाकावर बसून मान डोलावत होती. ते आठवून आता मबारकाचे कान तापले. शिपाई आला, दाराला खांदा लावला, आणि दोघींकडे बघून म्हणाला, “कितीदा सांगितलं, लावू नका म्हणून.”

ट्राममध्ये बसायला जागा होती तरी ती उभी राहिली. बसलं की काहीतरी कबूल केल्यासारखं होईल असं तिला वाटत होतं. कुणीतरी पावात करांतिका भरून आणली होती, गरम बेसनाचा आणि जिऱ्याचा वास डब्यात पसरला होता. आपण खरंच काय केलं, हे ती आठवायला लागली. ती दुपार तिला नीट आठवत होती, कारण त्या दुपारी ती सुखात होती. खिडकी उघडी होती, समुद्रावरचा वारा पडद्यात भरत होता, आणि बोटं चालत होती. इंग्रजी वाक्य सुरू व्हायचं आणि आपोआप शेवटाला पोचायचं. क्रियापद हुडकावं लागत नव्हतं, अव्ययाशी झोंबावं लागत नव्हतं. दोन पानं झाल्यावर ती उठून खोलीत चक्क नाचली होती. आली, भाषा आली एकदाची, असं स्वतःशी म्हणाली होती. आता ती दुपार आठवताना तिला सगळ्यात जास्त लाज त्या नाचण्याची वाटली. दुसऱ्याच्या घरात शिरून, त्याच्या ताटात जेवून, ढेकर देऊन, वर स्वयंपाक छान झाला म्हणून स्वतःचीच पाठ थोपटून घ्यावी, तसं काहीसं ते झालं होतं. पण घरात शिरल्याचं आठवत मात्र नव्हतं. थांबा आला, आधी अरबीत नाव पुकारलं गेलं, मग फ्रेंचमध्ये, आणि त्या दोन आवाजांच्या मधल्या फटीत मबारकाच्या तोंडात एक इंग्रजी वाक्य आपोआप हललं. जीभ फिरली, ओठ हलले. वाक्याच्या आधी मथळा होता, मथळ्याच्या मागे नाव, आणि साल. ग्रँटली, दोन हजार नऊ. ती खांब धरून तशीच उभी राहिली आणि तिचा थांबा निघून गेला.

तीन वर्षांपूर्वी एका परिषदेत तिने पंधरा मिनिटं वाचून दाखवलं होतं, ते ठीक झालं; मग मागच्या रांगेतल्या एका पाहुण्याने इंग्रजीत साधा प्रश्न विचारला, आणि तिच्या तोंडातून शब्द फुटला नाही. प्रश्न तिला कळला होता. उत्तर तिला दोन वर्षं मोजमापं केल्यामुळे जगात बहुधा सगळ्यात चांगलं ठाऊक होतं. तरी ती माईकपुढे तोंड उघडून उभी राहिली, आणि शेवटी तिचे मार्गदर्शक प्रोफेसर सनूसी उठून तिच्या वतीने फ्रेंचमध्ये बोलले. परतीच्या गाडीत ते म्हणाले होते, “मनाला लावून घेऊ नकोस. मी निवृत्त होईन तेव्हा बहुतेक चिनी भाषा सक्तीची होईल.” तिने मनाला लावून घेतलं. घरी येऊन तिने ठरवलं, भाषा शिकायचीच, आणि शिकायची तर जी एकच रीत आपल्याला येते त्या रीतीने. तिने चांगल्या मासिकांतले, आपल्या विषयातले चाळीस गोषवारे निवडले. प्रत्येकाचा मथळा, लेखकाचं नाव, साल, आणि मग मजकूर. खोलीत भिंतीपासून खिडकीपर्यंत सात पावलं होती. ती येरझारा घालत एकेक गोषवारा पाठ करू लागली, मोठ्याने, किंचित डुलत, शब्द न शब्द, जसा आहे तसा. दीड वर्ष लागलं.

जिच्याकडे ती खोली घेऊन राहत होती त्या लाला यामिनाला आधी वाटलं, पोरीला झपाटलंय. म्हातारी दाराशी येऊन म्हणाली होती, “अगं, हे काय मंत्र घालतेस घरात? नवरा हवा असेल तर सरळ सांग, माझा पुतण्या आहे.” पुढे तिला सवय झाली. इतकी की मटार सोलताना तीही गुणगुणायची, “रिझल्ट्स सजेस्ट, रिझल्ट्स सजेस्ट”, आणि विचारायची, “याचा अर्थ काय ग?” मबारका म्हणायची, “म्हणजे असं असावं असं वाटतंय, पण शपथेवर सांगत नाही.” लाला यामिना म्हणायची, “मग आमच्या गल्लीतल्या सगळ्या बायकांना इंग्रजी येतं म्हणायचं.”

आज मात्र म्हातारीने दार उघडलं आणि हिचा चेहरा बघून थेट जेवायला वाढलं आणि बाजूला जाऊन बसली. मबारकाने दोन घास खाल्ले. खोलीत जाऊन संगणक उघडला, रंगवलेले कागद पालथे ठेवले, आणि नवी प्रस्तावना लिहायला बसली. पहिलं वाक्य आलं. ती त्याच्याकडे संशयाने बघत राहिली. हे माझं का? तिने ते पुसलं. दुसरं आलं, तेही गुळगुळीत होतं, तेही पुसलं. मग तिने शाहिनेज़ने शिकवल्याप्रमाणे केलं, वाक्य घेतलं आणि त्यातला एक शब्द बदलून तिथे त्याच अर्थाचा दुसरा घातला. आणि शब्द बदलताच तिच्या उजव्या तळहाताला चटका बसल्यासारखं झालं. हा चटका तिच्या ओळखीचा होता. तीन आठवडे तो धडा चालला होता तेव्हाही बसायचा, आणि ती तळहात मांडीवर घासत मान डोलवायची.

दक्षिणेकडे, वाळूच्या कडेला, खजुरांच्या आधाराने उभ्या असलेल्या तिच्या गावात बाबांची शाळा होती, अजून आहे. तालेब बलकासेमची, म्हणजे बलकासेम गुरुजींची शाळा. मातीच्या खोलीत चटईवर पोरं बसायची, प्रत्येकाकडे लाकडाची पाटी, तिच्यावर पांढऱ्या मातीचा हात फिरवलेला, जळलेल्या लोकरीची शाई आणि बोरू. बाबा कुराणातल्या आयती सांगायचे, पोरं लिहायची, मग डुलत पाठ करायची. पाठ झालं की बाबांपुढे जाऊन न अडखळता म्हणायचं, आणि ते मान हलवून ‘जा’ म्हणाले की मगच पाटी धुवायची. आठ वर्षांची असताना मबारकाने म्हणता म्हणता एक शब्द बदलला होता. मुद्दाम नाही, तोंडात दुसरा आला, त्याच अर्थाचा. बाबांनी तिला थांबवलं. “अर्थ तोच आहे ना, बाबा?” ती म्हणाली होती. तेव्हा खजुराची छडी तळहातावर बसली, एकच, आणि बाबा म्हणाले होते, “अर्थ त्याचा, शब्दही त्याचे. तुझा फक्त आवाज.” बाकीची पोरं हसली होती. तिचा राग दोन दिवस टिकला, पण धडा एकोणतीस वर्षं टिकला. शब्द हलवायचा नाही. हलवलास तर तू भेसळ केलीस, तू खोटी. आणि इथे, ओरानला, आतून न उघडणाऱ्या दाराच्या खोलीत, एक तरुण मुलगी तिला सांगत होती की शब्द हलवला नाहीस म्हणून तू खोटी. मबारकाला दोन्ही पटत होतं.

संध्याकाळपर्यंत तिने एकोणीस वाक्यं लिहिली आणि एकोणीस पुसली. प्रोफेसर सनूसींना फोन केला तर ते म्हणाले, “मी तुझे आकडे तपासले, आकडे बिनचूक आहेत. शब्दांचं मला काय कळतं? मी ते इंग्रजी वाचून आनंदाने मान हलवली होती, आता तीच मान समितीपुढे खाली घालावी लागणार.” आकडे खरंच बिनचूक होते, त्या कागदांवरही आकड्यांचे तक्ते पांढरेच राहिले होते. पाच वर्षं दर महिन्याला तिने गावच्या फोगाऱ्याचं, म्हणजे डोंगरउतारापासून जमिनीखालून येणाऱ्या भुयारी पाटाचं, पाणी मोजलं होतं. पाणी आटत चाललं होतं. तिचे तक्ते गेले तर त्या आटण्याची लेखी साक्ष कुठेच राहणार नव्हती. भाजी आणायला ती खाली गेली, टोमॅटो महाग झाले म्हणाली, आणि लगेच मनात आलं, हे वाक्य तरी आपलं आहे का? गल्लीतली प्रत्येक बाई हेच म्हणते. भाजीवाल्याने विचारलं, “ताई, आज टोमॅटोशी भांडण झालं का? नुसत्या बघत उभ्या आहात.” तिला हसू आलं नाही. रस्त्यात, जिन्यात, भांडी घासताना, तिला आपलं डोकं लोकांच्या सामानाने गच्च भरलेल्या खोलीसारखं वाटत होतं. स्वतःचं म्हणून पाय ठेवायलाही जागा नव्हती. आणि या सगळ्याच्या तळाशी एक भीती होती, ती तिने त्या दिवशी पहिल्यांदा सरळ बघितली. सामान काढून घेतलं तर मागे काहीच उरणार नाही, आपल्याकडे सांगण्यासारखं स्वतःचं काही नव्हतंच.

बुधवारी सकाळी नऊला, पोरं न्याहारीला सुटण्याच्या वेळी, तिने बाबांना फोन लावला.

“कोण, मबारका? थांब. एका गाढवाचं ऐकायचं राहिलंय. हं, म्हण रे. नाक पूस आधी. हं. हं. जा. बोल पोरी, तब्येत बरी? यामिना खायला घालते का?”

“बाबा, इथे मला चोर म्हणतायत.”

“काय चोरलंस?”

“वाक्यं.”

पलीकडे पोरांचा गलका ऐकू येत होता. बाबांनी कुणाला तरी दटावलं, मग दार ओढून घेतल्याचा आवाज आला. “कुणाची वाक्यं?”

“लोकांची, इंग्रजीतली. चाळीस धडे पाठ केले होते मी, तुमच्यासारखे, शब्दही न हलवता. आणि लिहायला बसले तर तेच आले. मला कळलंच नाही, बाबा. मला वाटलं, माझंच आहे.” बोलता बोलता तिला रडू फुटलं. एवढा वेळ ते कुठे अडलं होतं कोण जाणे. बाबांनी तिला रडू दिलं. म्हातारा ऐकण्यात पटाईत होता, पन्नास वर्षं तोच धंदा.

“कुणाला म्हणून दाखवलेस?” थोड्या वेळाने त्यांनी विचारलं.

“म्हणजे?”

“चाळीस धडे पाठ केलेस. समोर कोण बसलं होतं?”

“कुणी नाही. भिंत होती.”

“आणि पाटी?”

“पाटी कुठली, बाबा. छापलेले कागद होते.”

“म्हणजे धुतली नाहीस.” बाबा हसले की खोकले ते तिला कळेना. “चाळीस धडे एकावर एक चढवलेस, न ऐकवता, न धुता. अगं, ते नाक न पुसणारं कार्टंसुद्धा असं करत नाही. आता त्या पाटीवर तुला कुणी म्हणालं, लिही, तर काय दिसणार? चिखल. चोर कसली तू, आळशी आहेस. लहानपणीसुद्धा पाटी धुवायची म्हटलं की तुझे हात गारठायचे.”

“मग आता काय करू?”

“ज्याने शिकवलं त्याला ऐकव. मग धू. आणखी काय करतात?” आणि कुणीतरी कुणाला तरी मारलं म्हणून त्यांनी फोन ठेवून दिला.

भाषाकेंद्रातल्या त्या खोलीचं दार शाहिनेज़ने आज खुर्ची लावून उघडं ठेवलं होतं. “लिहून आणलंत?” तिने विचारलं. मबारका म्हणाली, “नाही, म्हणून दाखवायला आलेय.” शाहिनेज़ला काही समजलं नाही. मबारकाने ते रंगीत कागद तिच्या हातात दिले, पेन दिलं, आणि स्वतः टेबलासमोर उभी राहिली, बसली नाही. हात सरळ सोडले. आपण वेड्यासारख्या दिसतोय हे तिला ठाऊक होतं. जिन्यावरून जाणारी दोन मुलं थबकली होती. तिने डोळे अर्धे मिटले आणि सुरुवात केली. मथळा. ग्रँटली, दोन हजार नऊ. मग मजकूर, संथ, किंचित डुलत, एका सुरात. पाचव्या वाक्याला शाहिनेज़चं पेन हललं. पहिल्या पानावरची तिसरी ओळ, लाल. तिने समासात नाव लिहिलं. दुसरा धडा. तिसरा. तिसऱ्यात जांभळी ओळ होती. सातव्यात तो अख्खा परिच्छेद सापडला, तोरवाल्ड आणि इतर, दोन हजार तेरा. शाहिनेज़ची कॉफी निवली, फोन दोनदा वाजून थांबला. बाराव्या धड्यात ती अचानक म्हणाली, “थांबा. एक शब्द सुटला.” तिने यंत्रावर मूळ लेख काढून समोर धरला होता. मबारका थांबली, आणि पुन्हा मथळ्यापासून म्हणू लागली. शाहिनेज़ने बाबांसारखीच मान हलवली, आणि मबारकाला दोन दिवसांत प्रथमच बरं वाटलं. कुणीतरी ऐकत होतं.

दुपारच्या बांगेच्या सुमाराला चाळीसावा संपला. कागदावर एकही रंगीत ओळ बिनमालकाची राहिली नव्हती. शाहिनेज़ने समासातल्या नावांवरून बोट फिरवलं. “म्हणजे नावं तुम्हाला ठाऊक होती,” ती म्हणाली. तिचा आवाज थोडा चिडका झाला होता. “सालासकट ठाऊक होती. मग लेखात का नाही लिहिली? एवढंच तर करायचं होतं.”

“वाक्यं मधूनच आली, उस्ताज़ा. मधून आली की मालक बरोबर येत नाही. पहिल्यापासून म्हटलं तरच नाव येतं.”

“हे मी समितीला कसं समजावू?”

“मला तिथे उभी करा, म्हणून दाखवते.”

शाहिनेज़ हसली, मग हसणं आवरून म्हणाली, “मी लिहून देईन, हिने उचललेलं नाही. ते मानतील की नाही, सांगता येत नाही. पण नवी प्रस्तावना तुमचीच लागेल, ती मी लिहून देणार नाही. बसा. आणि हे सगळं आधी पुसा.” संगणकावर जुनी प्रस्तावना निवडली तशी निळी झाली, दोन पानांची, जी लिहून ती नाचली होती तीच. मबारकाचं बोट कळीवर थांबलं. गावी पाटी धुतलेलं पाणी वाटेत ओतत नसत, खजुराच्या मुळाशी नेऊन ओतायचं. पवित्र अक्षरं पायाखाली येऊ नयेत म्हणून. हे काही पवित्र नव्हतं. तरी दीड वर्षाचं होतं. तिने कळ दाबली आणि पान कोरं झालं, आणि तिला जी भीती होती तेच समोर आलं. पांढरं, रिकामं, आणि आत काहीच हलेना.

“पाणी कशाला मोजायला गेलात तुम्ही?” शाहिनेज़ने विचारलं, इंग्रजीत नाही, रोजच्या बोलीत.

“फोगाऱ्यांच्या प्रवाहाचा दीर्घकालीन अभ्यास अपुरा...”

“हे कितवं?”

“एकतिसावं,” मबारका ओशाळून म्हणाली.

“मग ते नको. तुम्ही, मबारका. सगळं सोडून पाणीच का?”

मबारकाने हात एकमेकांवर घासले. तळहात गार पडले होते. आणि गार हातांवरून तिला शाळेमागचा फोगाऱ्याचा पाट आठवला. पाटी धुवायला मडकं भरून घ्यायचं असे. मडकं पाटाच्या तोंडाशी लावायचं आणि ते भरेपर्यंत नुसतं उभं राहायचं नाही, फातिहा, कुराणातली पहिली छोटी प्रार्थना, म्हणायची, असा बाबांचा नियम. तिच्या लहानपणी तीनदा म्हणेतो मडकं भरायचं. ती शहरात शिकायला निघाली त्या वर्षी पाचदा म्हणावी लागत होती. पोरं हळूहळू म्हणतात असं बाबांना वाटायचं आणि ते रागवायचे. मग एकदा सुट्टीत ती स्वतः मडकं घेऊन गेली, मडकं तेच होतं, काठाला टवका उडालेलं. आणि सात झाल्या. ती तिथेच ओल्या मातीवर बसून राहिली होती. पोरं हळू म्हणत नव्हती. पाणी हळू येत होतं. त्या दिवशी तिने पाणी मोजायचं ठरवलं होतं, पण हे ती कधी कुणाला बोलली नव्हती. हे काय शास्त्र आहे का, असं तिला वाटायचं. सांगताना ती मधे दोनदा अडखळली. शाहिनेज़ने टिपून काही घेतलं नाही. “हे लिहा,” एवढंच म्हणाली.

एक वाक्य लिहायला वीस मिनिटं गेली. क्रियापद हुडकावं लागलं, अव्ययाशी झोंबावं लागलं. वाक्य वाकडं झालं, मधेच लांबलं, शेवटी लंगडलं. माझ्या लहानपणी आमच्या शाळेचं मडकं तीन प्रार्थनांत भरायचं, आता त्याच मडक्याला सात लागतात, आणि वडील मुलांना रागावतात. शाहिनेज़ने ते वाचलं. सवयीने तिने पेन उचललं, “छान आहे, फक्त जरा नीट बसवू,” म्हणत आडवी रेघ मारली आणि वर सुबक अक्षरांत लिहिलं, की स्थानिक समुदायांना प्रवाहातील घट दीर्घ काळापासून जाणवत आली आहे. “हं. आता कसं शास्त्रीय वाटतंय.”

मबारकाने ते वाचलं. तळहाताला काही झालं नाही. “उस्ताज़ा,” ती हळूच म्हणाली, “हे ग्रँटली आहे. दोन हजार नऊ. शेवटून दुसरं वाक्य.”

शाहिनेज़ने यंत्रावर मूळ लेख पुन्हा काढून पाहिला. शब्द न शब्द तेच होतं. तिचा चेहरा लाल झाला. पेन तिने टेबलावर ठेवलं आणि स्वतःच्याच अक्षराकडे थोडा वेळ बघितलं. “मी ग्रँटली कधी वाचलासुद्धा नाही हो,” ती म्हणाली. “आजच ऐकला, तुमच्या तोंडून.” मग तिने पेन पुन्हा उचललं, आपण लिहिलेली ओळ खोडली, आणि मबारकाच्या वाकड्या ओळीखाली, ती तशीच ठेवायची म्हणून, ठिपके दिले.

परतताना ट्रामला गर्दी होती, तरी खिडकीपाशी जागा मिळाली आणि ती बसली. प्रस्तावनेची अजून जवळजवळ दोन्ही पानं बाकी होती, फाईल उद्या दुपारी जाणार होती, समिती काय म्हणेल ते कुणालाच माहीत नव्हतं. तिने आपलं वाक्य मनात म्हणून पाहिलं. तीन प्रार्थना, मडकं, सात. थांबा आला, गेला. पुन्हा म्हटलं तर मडकं आधी आलं आणि वडील मधेच शिरले. तिसऱ्यांदा काठाचा टवका आला, जो तिने लिहिलाच नव्हता. चाळीस धडे ज्या तोंडात शब्द न हलता बसले होते त्या तोंडात हे एक वाक्य काही केल्या दोनदा सारखं येईना. तिने चार वेळा प्रयत्न केला. मग तिला हसू आलं, शेजारच्या बाईने वळून पाहिलं, आणि आपण नेमकं काय लिहिलंय ते बघायला तिला पिशवीतून कागद काढावा लागला.